कपड्यावरचे नाव : गावाचे आणि माणसाचे

आपल्या देशात कापडाला पूर्वीपासून गावाचे नाव असे. पैठणची ती पैठणी, चंदेरीची ती चंदेरी, महेश्वरची ती महेश्वरी, नारायणपेठेची ती नारायणपेठी. लग्नघरात बस्ता बांधताना वडीलधारी मंडळी ज्या नावांचा उच्चार करीत, ती अशी गावांची व पेठांची नावे असत. वस्त्र विणणाऱ्याचे नाव कोणास ठाऊक नसे आणि ते विचारण्याची रीतही नव्हती. पुढे गिरण्या आल्या आणि ठाणाच्या टोकावर गिरणीचा शिक्का उमटू लागला. कापड गिरणीचे, शिलाई ओळखीच्या शिंप्याची, अशी दोन-तीन पिढ्यांची व्यवस्था होती.

आता कपड्यावर तिसऱ्या प्रकारचे नाव आले आहे. ते गावाचे नव्हे, गिरणीचेही नव्हे. ज्याने त्या कपड्याची कल्पना केली, त्या व्यक्तीचे ते नाव होय. या व्यक्तीला आपण डिझायनर म्हणतो. काही वर्षांपूर्वीपर्यंत असे कपडे चित्रपटांतील नटनट्या आणि मोठे उद्योगपती यांच्यापुरतेच असतात, अशी आपली समजूत होती. हल्ली मात्र जिल्ह्याच्या गावातील नोकरदार कुटुंबेही या नावांविषयी चौकशी करू लागली आहेत, आणि त्यांत तरुण मुलगे मागे नाहीत. हा बदल कसा झाला, आणि माणसाचे नाव पुढे येताना गावाच्या नावाचे काय होते, हे पाहण्याजोगे आहे.

नाव कसे आले

कपड्यात आपल्या नावाची पट्टी शिवण्याची रीत पॅरिसमध्ये रूढ झाली. चार्ल्स फ्रेडरिक वर्थ या मूळच्या इंग्रज गृहस्थाने १८५८ साली तेथे आपली पेढी सुरू केली. त्यापूर्वी गिऱ्हाईक सांगेल तसे शिंप्याने शिवावे, असा व्यवहार होता. वर्थने तो उलटा फिरविला. कपडा कसा असावा हे तो स्वतः ठरवी आणि राजघराण्यातील स्त्रियाही ते मान्य करीत.

शंभर वर्षे ही कला श्रीमंतांच्या दालनातच राहिली. १९५९ साली पिअर कार्दँ यांनी पॅरिसमधील एका मोठ्या दुकानासाठी तयार कपड्यांचा संग्रह सिद्ध केला, तेव्हा व्यवसायबंधूंचा त्यांच्यावर रोष झाला. १९६६ मध्ये इव्ह सँ लोराँ यांनी तयार कपड्यांचे स्वतंत्र दुकान उघडले. २००४ च्या नोव्हेंबरात कार्ल लागरफेल्ड या प्रख्यात डिझायनरने ‘एच अँड एम’ या स्वस्त कपड्यांच्या स्वीडिश दुकानमालिकेसाठी कपडे रचले, आणि पुष्कळ शहरांत ते काही तासांतच संपले. मोठे नाव आणि माफक किंमत यांची सांगड घातली तर सामान्य ग्राहक रांग लावतो, हे व्यापाऱ्यांना त्या दिवशी कळून चुकले.

भारतातील वाट थोडी निराळी आहे. रितू कुमार यांनी १९६० च्या दशकात कलकत्त्याजवळच्या एका खेड्यात चार छपाई कारागीर आणि दोन मेजे एवढ्या सामग्रीवर काम आरंभले. म्हणजे आपल्याकडे डिझायनरचा जन्मच कारागिराच्या शेजारी झाला. १९८६ साली केंद्र सरकारने दिल्लीत राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था, म्हणजेच ‘निफ्ट’, स्थापन केली. पुढे तिच्या शाखा मुंबईसह अनेक शहरांत निघाल्या. १९८७ मध्ये मुंबईत तरुण ताहिलियानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक डिझायनरांचे कपडे एका छताखाली विकणारे दुकान काढले. १९९८ साली डिझायनरांची परिषद स्थापन झाली आणि २००० साली दिल्लीत पहिला ‘इंडिया फॅशन वीक’ भरला.

दालनातून बाजारात

तरीही दीर्घकाळ हे कपडे सामान्यांच्या आवाक्यात नव्हते, आणि त्याचे कारण सोपे आहे. हाताने भरतकाम केलेल्या एका घागऱ्यावर अनेक कारागीर कित्येक आठवडे राबतात. तो सारा खर्च एकाच कपड्यावर पडतो. याउलट एकदा आखलेला नमुना हजारो कपड्यांवर यंत्राने उमटविला, तर कल्पनेचा खर्च त्या हजारांत वाटला जातो आणि प्रत्येकाच्या वाट्याला थोडा येतो. म्हणून आज बहुतेक मोठे डिझायनर दोन प्रकारचे काम करतात. एक, मोजक्या गिऱ्हाइकांसाठी हाताचे. दुसरे, ठरावीक मापांत तयार मिळणारे. नाव एकच असते. मागची मेहनत मात्र निरनिराळी असते. ग्राहकाने प्रथम ओळखावयाचा भेद तो हाच.

हा दुसरा प्रकार वाढविण्यास मोठे भांडवल लागते, आणि ते २०२१ साली मोठ्या प्रमाणावर आले. त्या वर्षाच्या जानेवारीत आदित्य बिर्ला समूहाच्या वस्त्रकंपनीने सब्यसाची मुखर्जी यांच्या व्यवसायातील ५१ टक्के हिस्सा ३९८ कोटी रुपयांस घेण्याचे जाहीर केले. ऑक्टोबरात रिलायन्स समूहाने मनीष मल्होत्रा यांच्या व्यवसायातील ४० टक्के आणि रितू कुमार यांच्या कंपनीतील ५२ टक्के हिस्सा घेत असल्याची घोषणा केली. अशा कंपन्यांपाशी शहरोशहरी दुकाने असतात, मोबाइलवरून घरपोच माल पोचविण्याची व्यवस्था असते आणि हप्त्यांची सोयही असते. डिझायनरचे नाव लहान शहरापर्यंत पोचले ते या वाटेने.

ग्राहकाच्या बाजूनेही कारणे आहेत. ओळखीचा शिंपी आता गल्लोगल्ली आढळत नाही. चित्रपटातील नायिकेचा पोशाख कोणी रचला, हे पूर्वी कोणाला ठाऊक नसे. आता ते नाव लग्नाच्या छायाचित्रांबरोबर त्याच दिवशी घरोघरी पोचते. आणखी एक कारण मानवी आहे. जिने आयुष्यभर काटकसरीने कपडे घेतले, त्या गृहिणीस मुलीच्या लग्नात एक तरी ‘नावाची’ साडी असावी असे वाटले, तर त्यात हसण्याजोगे काही नाही. चांगले वस्त्र हा केवळ श्रीमंतांचा हक्क नव्हे.

तरुण ग्राहक

या बाजारातील विशेष गोष्ट म्हणजे तरुण पुरुष. मुलांना कपड्यांचे काय कळते, असे म्हणण्याची आपल्या घरांतून रीत होती. लग्नात नवऱ्या मुलासाठी एक सुटाचे कापड, बाकीच्यांना पँटपीस-शर्टपीस, की काम संपले.

परंतु पुरुषाने नटावे, ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. पेशवाईतील पुरुषाचा पोशाख डोळ्यांपुढे आणावा : जरीकाठी धोतर, अंगरखा, खांद्यावर शेला, डोक्यास पागोटे आणि कानात मोत्यांची भिकबाळी. उत्तरेकडील दरबारांत पुरुषांच्या जाम्यांवर स्त्रियांच्या वस्त्रांइतकेच भरतकाम असे. पुढे इंग्रजी अमदानीत कचेऱ्यांबरोबर काळा-करडा कोट आला आणि रंग, नक्षी व दागिना हे स्त्रियांचे, असा समज रुजला. आजचा तरुण फिकट गुलाबी कुर्त्यावर भरतकामाचे जाकीट घालतो आणि लग्नात हौसेने भिकबाळी अडकवितो, तेव्हा तो आजोबांच्या नव्हे, तर त्यांच्याही आजोबांच्या वळणावर जात असतो.

व्यापाराने हे वेळीच ओळखले. कलकत्त्याच्या रवी मोदी यांनी १९९९ साली ‘मान्यवर’ या नावाने पुरुषांचे लग्नाचे तयार कपडे विकण्यास आरंभ केला. शेरवानीसारखा कपडा ठरावीक मापांत आणि ठरावीक किंमतीस मिळू शकतो, ही कल्पना तेव्हा नवी होती. २०२२ च्या फेब्रुवारीत त्यांच्या वेदांत फॅशन्स या कंपनीच्या भागांची शेअरबाजारात नोंद झाली. तत्पूर्वी २०२१ च्या अखेरीस बिर्ला समूह आणि तरुण ताहिलियानी यांनी मिळून ‘तस्वा’ ही पुरुषांच्या भारतीय पोशाखाची दुकाने सुरू केली. ज्या डिझायनरकडे जाण्याचे सामान्य घरातील मुलाच्या मनातही आले नसते, त्याने आखलेला कुर्ता आता तो दुकानात जाऊन अंगाला लावून पाहू शकतो.

लग्नसमारंभ वाढल्यानेही मागणी वाढली. महाराष्ट्रात साखरपुडा, हळद आणि लग्न एवढेच असे. त्यांत उत्तरेकडून संगीत आणि मेंदी यांची भर पडली. प्रत्येक प्रसंगी निराळा पोशाख, आणि प्रत्येक प्रसंगाची छायाचित्रे शेकडो लोकांपुढे जाणार. एकदा दिसलेला कपडा पुन्हा कसा घालावा, हा संकोच पूर्वी मुलींना वाटे. आता तो मुलांनाही वाटू लागला आहे. पहिल्या नोकरीचा पहिला पगार एका पोशाखात घालणारे, क्वचित हप्त्यांवर तो घेणारे तरुण आपल्या भोवती आहेत. कपड्याची आवड ही चांगली गोष्ट आहे. केवळ नावाच्या ओढीने होणारे कर्ज ही चांगली गोष्ट नव्हे. घरातील वडिलांनी आवडीची चेष्टा न करता कर्जाविषयी मात्र स्पष्ट बोलले पाहिजे.

सांगानेरची गोष्ट

माणसाचे नाव आणि गावाचे नाव यांचा प्रत्यक्ष सामना २०२१ च्या ऑगस्टमध्ये झाला. सब्यसाची मुखर्जी यांनी ‘एच अँड एम’साठी रचलेले कपडे १२ ऑगस्ट रोजी विक्रीस आले. त्यांच्या दालनातील पोशाखांच्या मानाने किंमती पुष्कळच कमी होत्या. त्यांतील साडी ९,९९९ रुपयांची होती. इंटरनेटवरील विक्री सुरू होताच बहुतेक माल काही मिनिटांत संपला. भारतीय डिझायनरचे काम प्रथमच एवढ्या मोठ्या परदेशी दुकानमालिकेत, तेही सामान्यांच्या जवळपासच्या किंमतीत आले, याचा अनेकांना अभिमान वाटला.

परंतु काही दिवसांतच हस्तकला क्षेत्रातील अनेक संस्थांनी मुखर्जींना उघड पत्र लिहिले. त्यांचे म्हणणे असे की, या कपड्यांवरील नक्षी सांगानेरच्या छपाईच्या वळणाची आहे, पण ती कारागिरांच्या हातची नसून यंत्राने उमटविलेली आहे. एवढी मोठी संधी आली असताना तिचा लाभ कारागिरांस का मिळू नये, असा त्यांचा प्रश्न होता.

सांगानेर हे जयपूरलगतचे गाव. तेथील छीपा कुटुंबे पिढ्यान् पिढ्या लाकडी ठशांनी कापड छापत आली आहेत. पांढऱ्या किंवा फिकट जमिनीवर नाजूक फुले आणि वेली, हे तेथील वैशिष्ट्य. एका फुलासाठी एक ठसा पुरत नाही. बाह्यरेषेचा ठसा निराळा, त्याला रेख म्हणतात. आत रंग भरण्याचा निराळा, तो दत्ता. जितके रंग तितके ठसे, आणि प्रत्येक ठसा आधीच्या खुणेवर हाताने नेमका बसवावा लागतो. संपूर्ण साडी अशा रीतीने छापताना ठसा शेकडो वेळा उचलून ठेवावा लागतो. अंकीय यंत्रात हेच चित्र संगणकातून थेट कापडावर उतरते, आणि एका दिवसात हजारो वार छापून होते.

मुखर्जींची बाजूही ऐकली पाहिजे. हा संग्रह भारतीय आकृतिबंधांची जगाला ओळख करून देण्यासाठी होता आणि एवढ्या मोठ्या प्रमाणावर तयार कपडे काढताना हातकाम शक्य नव्हते, असे त्यांचे सांगणे होते. त्यांच्या मूळ व्यवसायात शेकडो कारागीर काम करतात, ही गोष्टही खरी आहे. ठशांनी छापलेले कपडे एवढ्या संख्येने आणि एवढ्या किंमतीत निघणार नाहीत, हे कोणीही मान्य करील. मात्र एक गोष्ट उरतेच. ग्राहकाच्या मनात सांगानेरविषयी जे आकर्षण होते, ते त्या कारागिरांनी अनेक पिढ्या झिजून निर्माण केलेले होते. त्या भांडवलावर विक्री झाली, आणि त्या भांडवलाच्या मालकांचा हिशेब झाला नाही.

कायद्याचे कवच

या बाबतीत कायदा काय करतो? सांगानेरच्या हातछपाईला २०१० साली भौगोलिक निर्देशांकाची नोंदणी मिळाली. तिचा अर्थ असा की, त्या परिसरात त्या पद्धतीने न छापलेले कापड ‘सांगानेरी हातछपाई’ या नावाने विकता येत नाही. हे संरक्षण मुख्यतः नावाचे आहे. नाव न घेता त्या वळणाची फुले यंत्राने छापणाऱ्यास ते सहसा अडवू शकत नाही.

डिझायनरचे कवचही पातळच आहे. आपल्या रचनांची नक्कल झाली, अशी तक्रार घेऊन रितू कुमार यांची कंपनी दुसऱ्या एका वस्त्रकंपनीविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेली होती. २०१६ मध्ये निकाल तिच्या विरुद्ध लागला. कपड्याच्या रचनेची नोंदणी केली नसेल आणि तिच्या पन्नासाहून अधिक प्रती औद्योगिक रीतीने निघाल्या असतील, तर लेखनाधिकाराचे संरक्षण संपते, असे १९५७ च्या कायद्यातील कलम सांगते. तात्पर्य, गावाच्या नक्षीवर माणूस उभा राहतो, माणसाच्या नक्षीवर नक्कल करणारा बाजार उभा राहतो, आणि मूळ हात कोणाचा होता हे सांगणारे कोणी उरत नाही.

तो हात कोणत्या स्थितीत आहे, हे चौथ्या हातमाग गणनेवरून कळते. २०१९-२० च्या या गणनेनुसार देशात ३५.२२ लाख लोक हातमागाच्या कामात होते. विणकरांपैकी दर दहांमागे सुमारे सात स्त्रिया होत्या. दर शंभरांतील ६६ कुटुंबांचे मासिक उत्पन्न ५,००० रुपयांहून कमी होते. ‘नावाच्या’ एका साडीच्या किंमतीशेजारी हा आकडा ठेवून पाहिला, म्हणजे अधिक भाष्याची गरज राहत नाही.

दोन्ही नावे एकत्र

यावरून डिझायनर आणि कारागीर हे एकमेकांचे शत्रू आहेत, असे समजणे चुकीचे ठरेल. गोव्याचे वेंडेल रॉड्रिक्स यांनी तेथील कुणबी स्त्रियांच्या लाल चौकड्यांच्या साडीचा कसून अभ्यास केला. तिचे विणकाम जवळजवळ बंद पडले होते. त्यांनी ती पुन्हा विणून घेतली आणि फॅशनच्या रंगमंचावर आणली. २०१४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०२० मध्ये ते निवर्तले, पण कुणबी साडी हे नाव आज पुन्हा लोकांच्या तोंडी आहे. मुंबईत काम करणाऱ्या वैशाली शडांगुळे यांनी आपल्या आजी-पणजींच्या चोळीचा खण नव्या पोशाखांत आणला आणि २०२१ च्या जुलैत पॅरिसच्या उच्च वेशकला सप्ताहात आपले काम सादर केले. या उदाहरणांत माणसाच्या नावाने गावाचे नाव झाकले नाही, उजळले.

याहूनही पुढचे पाऊल कच्छमध्ये पडले आहे. तेथे २००५ साली कला रक्षा विद्यालय आणि २०१४ साली सोमय्या कला विद्या ही कारागिरांना डिझाइन शिकविणारी केंद्रे निघाली. विणकर, बांधणीकार आणि अजरख छापणारे तरुण तेथे आपल्याच परंपरेकडे डिझायनरच्या दृष्टीने पाहावयास शिकतात आणि आपल्या नावाने माल बाजारात आणतात. कल्पना एकाची आणि हात दुसऱ्याचा, ही फाळणी अशा ठिकाणी मिटते.

घरच्या खरेदीसाठी

ग्राहक म्हणून आपण काय करू शकतो? पहिली गोष्ट, कापड उलटून पाहावे. ठशाच्या छपाईत रंग बहुधा मागपर्यंत उतरलेला असतो. दोन ठशांच्या सांध्यावर किंचित पुढेमागे झालेले दिसते. एकच फूल दहा ठिकाणी पाहिले तर रंगाच्या जाडीत थोडा फरक आढळतो. यंत्रछपाईत सर्व फुले तंतोतंत सारखी असतात आणि मागची बाजू पुष्कळदा फिकट असते. यंत्राचे कापड घेणे हा काही गुन्हा नव्हे. पण त्यासाठी हातकामाची किंमत मोजू नये.

दुसरी गोष्ट, खुणा ओळखाव्यात. खऱ्या रेशमासाठी सिल्क मार्क २००४ पासून, हातमागाच्या कापडासाठी हँडलूम मार्क २००६ पासून आहे. उत्तम प्रतीच्या हातमाग मालासाठी ‘इंडिया हँडलूम’ ही मुद्रा ७ ऑगस्ट २०१५ रोजी, पहिल्या राष्ट्रीय हातमाग दिनी, सुरू झाली. दुकानात डिझायनरचे नाव वाचल्यावर आणखी दोन प्रश्न विचारावेत : हे विणले कोठे, आणि छापले किंवा भरले कोणी? पुष्कळ ग्राहक हे विचारू लागले, तर उत्तर तयार ठेवणे दुकानदारास भाग पडेल.

तिसरी गोष्ट हिशेबाची, आणि ती तरुण मुलांनी स्वतः करावी. समजा, १२,००० रुपयांची शेरवानी घेतली आणि ती दोनच वेळा अंगावर चढली; तर प्रत्येक वेळेचा खर्च ६,००० रुपये झाला. ३,००० रुपयांचा चांगला हातमागाचा कुर्ता तीस वेळा घातला, तर तो खर्च १०० रुपयांवर येतो. मित्राच्या लग्नात शेरवानी हवीच असेल तर ती भाड्यानेही मिळते, आणि भावाभावांनी एकमेकांची वापरण्यात कमीपणा नाही. लग्नाच्या कोटाखाली पुढे रोज घालता येईल असा कुर्ता निवडला, तर हौस आणि हिशेब दोन्ही साधतात.

चांगल्या कपड्याची आवड सामान्य घरांत आली आहे, ती जाऊ नये. कपड्याची कल्पना करणाऱ्यास त्याचे श्रेय आणि दाम मिळावा, यातही वाद नाही. फक्त त्याच्या नावाच्या पट्टीवर थोडी जागा रिकामी असते. तेथे सांगानेर, गुळेदगुड्ड, अजरखपूर अशी नावे छापून यावीत, आणि ग्राहकाने ती वाचावीत. पैठणीला पैठणचे नाव ज्यांनी शतकानुशतके जपले, त्या आपल्या लोकांना हे अवघड वाटू नये.